दोन जुन्या डब्यांपासून रूळतपासणी गाडी

माझा छोट्या रेल्वेचा (मॉडेल रेल्वेचा) लेआउट गच्चीखालच्या खोलीत आहे. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात त्यावरचा एक डबा खिडकीजवळच्या वळणावर रोज दुपारी घसरू लागला. सकाळी मात्र तोच डबा, त्याच वेगाने, त्याच वळणावरून बिनतक्रार जात असे. मी आधी चाके बदलली, मग डबाच बदलला, मग रूळ पुसून काढले, आणि आठवडाभर भलत्याच ठिकाणी दोष शोधत राहिलो. शेवटी भर दुपारी रुळाच्या पातळीला डोळा आणून पाहिले, तेव्हा वळणाचा बाहेरचा रूळ जोडाजवळ केसभर फुगलेला दिसला. आपण वापरतो ते रूळ बहुतांशी निकेल सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे असतात आणि तो दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ०.०१६ मिमी वाढतो. जानेवारीत १८ अंशांना अंथरलेला रूळ ४२ अंशांच्या खोलीत मीटरमागे जवळजवळ ०.४ मिमी लांब होतो आणि तेवढी जागा जोडात सोडलेली नसेल, तर तो बाजूला सरकतो. त्यात नागपूरच्या घरात उन्हाळाभर कूलर चालतो. खिडकीकडचे प्लायवूड दमट आणि आतल्या बाजूचे खडखडीत कोरडे, अशा अवस्थेत तीन-चार महिने काढलेला फळा सपाट राहत नाही.

डबा घसरला की दोष तिथेच आहे असे आपण धरून चालतो, परंतु चाक रुळावर चढते एका ठिकाणी आणि खाली पडते वीतभर पुढे. म्हणून घसरण्याची वाट न पाहता दोष आणि त्याची जागा या दोन्ही गोष्टी सांगणारी वेगळी गाडी असावी, असे मला वाटू लागले. अशी गाडी दोन जुन्या डब्यांपासून घरच्या घरी कशी तयार करावी, ते पुढे सविस्तर लिहिले आहे. मापे १:८७ या एच-ओ प्रमाणाची आणि १६.५ मिमी गेजच्या रुळांची आहेत.

काय मोजावे

खऱ्या रेल्वेतील ट्रॅक रेकॉर्डिंग कार प्रामुख्याने पाच गोष्टी टिपते: दोन रुळांमधील अंतर म्हणजे गेज, दोन रुळांच्या उंचीतील फरक, त्या फरकात पुढे जाताना होणारा बदल म्हणजे पीळ, एकाच रुळाचा खालीवरपणा, आणि रुळांच्या रेषेतील वाकडेपणा. आपल्याकडे या गाड्यांचे काम लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था पाहते. छोट्या रेल्वेत या पाचांपैकी पीळ सर्वांत घातक असतो. चौरंग खडबडीत फरशीवर ठेवला की डुगडुगतो, कारण त्याचे तीन पाय टेकतात आणि चौथा अधांतरी राहतो. डब्याचेही तसेच होते, आणि अधांतरी राहिलेल्या चाकाची कड रुळाला धरून ठेवू शकत नाही. ही कड आरपी-२५ या प्रचलित मानकाच्या चाकांवर जेमतेम ०.६ मिमी खोल असते, हे लक्षात घेतले म्हणजे पाव मिमीच्या चुकीलाही किती महत्त्व आहे ते कळते.

आपल्याला आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे रुळांतून चाकांना मिळणारी वीज. म्हणून माझ्या गाडीत एक डबा विजेचा आणि एक डबा पिळाचा आहे.

डब्यांची निवड आणि तयारी

जुन्या डब्यांतून तपासणी गाडी करणे ही खऱ्या रेल्वेचीही रीत आहे. ब्रिटनमध्ये २००३ साली धावू लागलेली पिवळी न्यू मेझरमेंट ट्रेन ही एचएसटी या प्रवासी गाडीची इंजिने आणि डबे वापरूनच तयार केलेली आहे. आपण खिडकी फुटलेले, रंग उडालेले डबे घ्यावेत, मात्र त्यांचा सांगाडा सरळ असावा. मी निळ्या आयसीएफ (जुन्या धाटणीच्या) डब्यांची जोडी घेतली. खरा आयसीएफ डबा २१.३३७ मीटर लांब असतो, म्हणजे आपल्या प्रमाणात सुमारे २४५ मिमी. आणि त्याच्या दोन बोग्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर १४.७८३ मीटर, म्हणजे १७० मिमी. (बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, या लेखात बोगी म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा गाडा.) हा १७० मिमीचा आकडा पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे. ज्यांच्याकडे एलएचबी (नव्या धाटणीचे) डबे आहेत त्यांनी आपल्या डब्याचे हे अंतर प्रत्यक्ष मोजून घ्यावे.

तपासणारी गाडी स्वतः सदोष असेल तर तिच्या सगळ्या नोंदी व्यर्थ जातात, म्हणून पहिली संध्याकाळ चाकांवरच खर्च करावी. प्लास्टिकची चाके काढून धातूची बसवावीत. प्रत्येक जोडी दोन बोटांत धरून फिरवावी. लचकत फिरणारी जोडी बाद करावी. नंतर व्हर्नियर कॅलिपरने दोन चाकांच्या आतल्या अंगांमधील अंतर मोजावे, जे साधारण १४.४ मिमीच्या आसपास असते. हे माप आपल्या सर्व डब्यांवर घेऊन वहीत लिहावे. त्यांतील सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अंतराच्या दोन जोड्या जशाच्या तशा तपासणी गाडीत घालाव्यात, एक पुढच्या डब्याला आणि एक मागच्या. सांध्यावर, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळते तिथे, आतले अंतर कमी असलेली जोडी चेक रेलवर (चाकाला आवरणाऱ्या जादा रुळावर) चढते आणि जास्त असलेली जोडी फ्रॉगच्या, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याच्या, टोकावर आदळते. या दोन्ही जोड्या विनासायास पार झाल्या तर आपला कोणताही डबा तिथून जाईल, असे खात्रीने म्हणता येते. गेज मोजण्यासाठी डब्याखाली पितळी पट्टी टांगण्याचा प्रयोग मी करून पाहिला होता, पण ती प्रत्येक फ्रॉगवर अडकत असल्यामुळे काढून टाकली. गेजसाठी हाताने फिरवायचा तयार मापकच वापरावा.

वजनाबाबत अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस अशी आहे की, एच-ओ डब्याला मुळात २८ ग्रॅम आणि लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम वजन असावे. त्या हिशेबाने आयसीएफ डबा सुमारे १६५ ग्रॅमचा होतो. पिळाचा डबा एवढ्याच वजनाचा करावा. विजेचा डबा मात्र मी मुद्दाम १२० ग्रॅमवर ठेवला आहे, कारण हलक्या डब्याचा रुळाशी संपर्क लवकर तुटतो आणि आपल्याला नेमके तेच पाहायचे असते. टायरच्या दुकानात मिळणारी बॅलन्सिंगची वजने डब्याच्या तळाला, दोन बोग्यांच्या मध्ये चिकटवावीत आणि सराफ वापरतात तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर डबा तोलून घ्यावा.

विजेचा डबा

या डब्याच्या दोन्ही बोग्या एकमेकींपासून विजेच्या दृष्टीने पूर्णपणे वेगळ्या ठेवाव्यात. प्रत्येक बोगीवर फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्ट्या अशा बसवाव्यात की त्या चाकाच्या आतल्या अंगाला हलक्या टेकतील. दाब जास्त झाला तर चाक फिरण्याऐवजी घासटत जाते. डाव्या चाकांच्या पट्ट्यांची एक तार आणि उजव्या चाकांच्या पट्ट्यांची दुसरी, अशा दोन तारा त्या बोगीच्या स्वतंत्र ब्रिज रेक्टिफायरला जोडाव्यात, आणि पुढे १ किलोओहमचा रेझिस्टर व एक एलईडी जोडावा. १२ व्होल्टपैकी रेक्टिफायरमध्ये सुमारे १.४ आणि लाल एलईडीत सुमारे २ व्होल्ट खर्च होतात, त्यामुळे उरलेल्या ८.६ व्होल्टवर साडेआठ मिलीअँपिअर प्रवाह वाहतो आणि दिवा स्पष्ट दिसतो. पाव वॅटचा रेझिस्टर पुरेसा आहे. हे सगळे सामान नागपूरच्या सीताबर्डीत सहज मिळते. पट्ट्यांना डाग देताना सोल्डरिंग आयर्न बोगीच्या प्लास्टिकजवळ नेऊ नये. तारा आधी बाहेर जोडून मग पट्टी बसवावी.

डब्यात दिवे बसवताना आपण नेहमी एक कपॅसिटर घालतो, जेणेकरून दिवे लुकलुकू नयेत. इथे तो चुकूनही घालू नये. पुढच्या बोगीचा दिवा लाल आणि मागच्या बोगीचा हिरवा असे रंग ठेवून दोन्ही दिवे छतावर शेजारी शेजारी बसवले की गाडी बोलू लागते. एखाद्या ठिकाणी लाल दिवा विझला, आणि डबा १७० मिमी पुढे गेल्यावर त्याच ठिकाणी हिरवा विझला, तर दोष रुळात आहे: मळ असेल, जोड ढिला असेल किंवा सांध्याच्या फ्रॉगला वीज मिळत नसेल. एकच दिवा ठिकठिकाणी विझत असेल तर दोष त्या बोगीच्या पट्ट्यांत आहे आणि रुळाला हात लावण्याचे कारण नाही. डीसीसी (डिजिटल नियंत्रणाच्या) लेआउटवर रुळांत सतत पूर्ण व्होल्टेज असल्यामुळे हा डबा इंजिनामागे जोडून चालवता येतो. साध्या डीसी लेआउटवर मंद वेगात व्होल्टेज कमी असल्याने दिवे मुळातच फिके पडतात, म्हणून तिथे इंजिन उतरवून कंट्रोलर पूर्ण उघडावा आणि डबा हाताने सावकाश ओढावा.

पिळाचा डबा

चौरंग डुगडुगतो, पण तिपाई कधी डुगडुगत नाही. या डब्याची सगळी रचना त्या तिपाईवर उभी आहे. पुढच्या बोगीच्या आडव्या पट्टीवर, मधल्या स्क्रूच्या डावीकडे आणि उजवीकडे, अर्धा मिमी जाडीच्या प्लास्टिकचे दोन तुकडे चिकटवावेत, म्हणजे ती बोगी वळणावर फिरेल परंतु बाजूला कलणार नाही. मागच्या बोगीवर मात्र मधोमध एकच छोटा वॉशर ठेवून स्क्रू ढिला सोडावा, म्हणजे ती दोन्ही बाजूंना मोकळेपणाने कलू शकेल. आता डबा पुढे दोन बिंदूंवर आणि मागे एका बिंदूवर टेकतो. डब्याची पेटी पुढच्या बोगीप्रमाणे कलते, मागची बोगी तिच्याखालच्या रुळाप्रमाणे कलते, आणि या दोन कलांमधला फरक म्हणजेच १७० मिमी अंतरातला पीळ.

हा फरक डोळ्यांना दिसावा म्हणून मागच्या बोगीवर एक काटा उभा करावा. मी उदबत्तीची बांबूची काडी वापरली. ती सरळ, हलकी आणि पुरेशी ताठ असते. जळका भाग कापून, खालचे टोक किंचित घासून ती अॅराल्डाइटने बोगीच्या स्क्रूला शक्य तितकी लागून चिकटवावी आणि डब्याच्या तळाला व छताला तिच्यासाठी आडवी खाच पाडावी. काडीची लांबी विचारपूर्वक ठरवावी. खऱ्या ब्रॉडगेजचे गेज १६७६ मिमी असले तरी उंचीतील फरकाच्या हिशेबात रुळांच्या माथ्यांच्या मध्यांतले अंतर, म्हणजे १७५० मिमी धरतात. आपल्या १६.५ मिमीच्या रुळांत हेच अंतर साधारण १७.५ मिमी भरते. म्हणून काडी बोगीच्या कलण्याच्या बिंदूपासून ७० मिमी उंच ठेवली, तर तिचे टोक रुळांच्या फरकाच्या बरोबर चौपट सरकते. पाव मिमीचा पीळ एक मिमी होऊन दिसतो. आयसीएफ डब्याचे छत आपल्या प्रमाणात रुळापासून ४६ मिमीवर असल्यामुळे काडी छताबाहेर डोकावते. लेआउटवर बोगदा किंवा ओव्हरहेड तारा असतील, तर ३५ मिमीची काडी घेऊन दुपटीवर समाधान मानावे आणि छताचा तेवढा भाग कापून काढावा. ज्यांनी सातपुड्याच्या नॅरोगेजचा लेआउट ९ मिमीच्या रुळांवर केला आहे, त्यांना चौपटीसाठी ४० मिमीची काडी पुरते. (असा लेआउट करणाऱ्यांनी कडबी चौकातल्या नॅरोगेज संग्रहालयातील डब्यांच्या बोग्या वाकून खालून पाहाव्यात, डबा चाकांवर कसा तोलला जातो ते तिथे अगदी जवळून दिसते.)

काडीच्या मागे पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा डब्याच्या पेटीला उभा चिकटवून त्यावर आलेखाच्या कागदाची पट्टी लावावी. शून्य ठरवण्यासाठी डबा टेबलावर नव्हे, तर जाड काचेवर ठेवावा, कारण घरातली टेबले क्वचितच सपाट असतात. काडी जिथे स्थिरावेल तिथे शून्याची रेघ मारावी. मग मागच्या बोगीच्या एका बाजूच्या दोन्ही चाकांखाली कॅलिपरने मोजून ०.२५ मिमी जाडीचा कागद सरकवावा. काडी एक मिमी हलली पाहिजे. त्याहून कमी हलली तर बोगी कुठेतरी अडते आहे असे समजावे. माझ्या डब्यात खाचेच्या कडेला राहिलेला प्लास्टिकचा एक बारीक कुसळासारखा तुकडा काडीला अडवत होता आणि तो कानशीने काढेपर्यंत सगळी मापे निम्मी येत होती. कागद काढल्यावर काडी शून्यावर परतते की नाही, हेही पाच-सहा वेळा पाहावे.

दोन गोष्टी पीळ वाटतात पण त्या दोष नसतात. काडी स्क्रूपासून ४ मिमी दूर असेल, तर ६०० मिमी त्रिज्येच्या वळणावर बोगी फिरल्यामुळे तिचे टोक वळण संपेपर्यंत अर्धा-पाऊण मिमी सरकलेले राहते. तसेच वळणाचा बाहेरचा रूळ आपण हेतुपुरस्सर उंच केला असेल, तर वळणात शिरताना आणि बाहेर पडताना काडी हलणारच. तिथे ती हळूहळू हलते की एकदम उडी मारते, एवढेच पाहायचे असते.

इलेक्ट्रॉनिक्सची आवड असणाऱ्यांना काडीऐवजी एमपीयू-६०५० हा कल मोजणारा सेन्सर आणि त्याच्या नोंदी घेणारा ईएसपी३२ बोर्ड वापरता येतो. प्रमाणानुसार ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १९ सेंमी. सेकंदाला १०० नोंदी घेतल्या तर दर २ मिमीला एक नोंद मिळते. मात्र सेन्सरला वळणावरचा बाहेर फेकणारा जोर आणि रुळाचा कल यांतला फरक कळत नाही. ६०० मिमी त्रिज्येवर या वेगाने तो जोर अंशाच्या एक तृतीयांशाएवढा कल भासवतो, म्हणून अशी तपासणी याच्या निम्म्याहून कमी वेगाने करावी. मी स्वतः काडीलाच पसंती देतो, कारण तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही आणि दोष दिसतो त्याच क्षणी बोट ठेवता येते.

जागेची नोंद

खऱ्या मार्गावर ओव्हरहेड तारांच्या प्रत्येक खांबावर किलोमीटरचा आकडा आणि त्याखाली खांबाचा क्रमांक असतो. त्यामुळे रूळ तपासणाऱ्या चावीवाल्याला किंवा गँगमनला दोष नेमका कुठे आहे ते सांगता येते. आपणही फळ्याच्या कडेला दर २५० मिमीवर खूण करून १/१, १/२ असे क्रमांक टाकावेत. मीटर बदलला की पहिला आकडा बदलावा. ही खूण नसेल तर बाकी सगळी मेहनत पाण्यात जाते.

गाडी आधी ओढत न्यावी, मग तीच इंजिनाच्या पुढे ठेवून ढकलत न्यावी, आणि त्यानंतर डबे उलट दिशेने फिरवून दोन्ही फेऱ्या पुन्हा कराव्यात. ढकलताना डब्यांवर आडवा जोर येतो आणि ओढताना लपलेले दोष उघडे पडतात. सोबत चालत मोबाइलवर काडीचे स्लो मोशन चित्रण केले तर नंतर खूण आणि काडी एकत्र पाहता येतात. नोंद पूर्ण लिहावी. माझ्या वहीतील एक नोंद अशी आहे: ३/२, ढकलताना, काडी डावीकडे अडीच मिमी, दुपारी तीन, खोली ४१ अंश. त्याच जागी सकाळी सात वाजता काडी पाऊण मिमीच हलली होती. नागपुरात उन्हाळ्यात तरी एका दिवसात दोनदा तपासणी केल्याशिवाय रूळ तापल्यावर काय होते ते कळत नाही. खरी रेल्वेही या दिवसांत रुळांवर उन्हाळी गस्त ठेवते.

नागपूरच्या लेआउटवर आपल्या गावचे डायमंड क्रॉसिंग करण्याची हौस अनेकांना असते. दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई हे मार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या जागेची प्रतिकृती केली असेल, तर सर्वाधिक वेळ तिथे द्यावा. चाकाला तिथे क्षणभर रुळाचा आधार नसतो आणि वीजही खंडित होऊ शकते. त्यामुळे दोन्ही डबे, दोन्ही मार्गांवरून, दोन्ही दिशांनी न्यावेत.

दुरुस्ती

माझ्या वहीत काडी एक मिमीपर्यंत हलली, म्हणजे पीळ पाव मिमीपर्यंत असला, तर मी जागा तशीच सोडतो. दोन मिमीच्या वर, म्हणजे अर्ध्या मिमीहून जास्त पीळ असेल, तर त्याच दिवशी हात घालतो. खाली गेलेल्या रुळाच्या बाजूची खडी पाण्याने भिजवून मोकळी करावी, स्लीपरखाली पोस्टकार्डाची अरुंद पट्टी सरकवावी, गाडी पुन्हा न्यावी आणि काडी समाधानकारक झाल्यावरच खडी चिकटवावी. एका वेळी एकच पट्टी घालावी, कारण एक टोक उचलले की शेजारचा स्लीपरही उचलला जातो.

फुगलेल्या रुळासाठी जोड मोकळा करून फट पाडावी लागते. ही फट रूळ बसवतानाच्या तापमानावर ठरते. थंडीत काम करत असाल तर मीटरभर रुळामागे ०.३ ते ०.४ मिमी फट ठेवावी. साध्या व्हिजिटिंग कार्डची जाडी जवळपास तेवढीच असते, म्हणून ते जोडात धरून रूळ टेकवावा आणि मग काढून घ्यावे. भर मे महिन्यात काम करत असाल तर रूळ एकमेकांना टेकवूनच बसवावेत, फट हिवाळ्यात आपोआप पडेल. वीज खंडित होऊ नये म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार जोडावी. वीज नेण्याचे काम फिश प्लेटवर (रूळ जोडणाऱ्या पट्टीवर) सोडू नये.

३/२ वरचा जोड मी डिसेंबरात कार्ड घालून नव्याने बसवला. यंदा मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी तीन वाजता, खोली ४२ अंशांवर असताना तिथे गाडी ढकलत नेली, तेव्हा काडी एक मिमीच्या आत राहिली आणि दोन्ही दिवे अखंड पेटते राहिले. आता पुढची तपासणी जुलैमध्ये, कूलर बंद होऊन पावसाचा दमटपणा खोलीत मुरल्यावर करायची आहे. तोपर्यंत काडीला धक्का लागू नये म्हणून पिळाचा डबा बुटांच्या खोक्यात, कापसात उभा ठेवला आहे.